सासूबाईंचं मूळ गाव स्कॉटलंडात कुठे सापडेल?

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळची नाशिकची, लग्नानंतर गेली बारा वर्षं मेलबर्नला. नवरा इथलाच, त्याच्या आईकडचं घराणं स्कॉटिश. गेल्या दिवाळीत सासूबाईंना घेऊन माहेरी गेले होते तेव्हा त्र्यंबकेश्वरला आमच्या गुरुजींनी वही काढून माझ्या पणजोबांची सही दाखवली. सासूबाई त्या पानाकडे इतका वेळ बघत बसल्या की आम्ही सगळे थांबलो, आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, माझंही कुठेतरी असं लिहिलेलं असेल ना. तेव्हापासून शोधतेय. माहिती एवढीच की त्यांचे खापरपणजोबा मॅक्लाउड आडनावाचे, बायकामुलं घेऊन 'इन्व्हर्नेसहून' आले, साल 1852 किंवा 53, जहाजावर साथ आली आणि त्यांची एक बहीण भलत्याच बंदरात उतरली असं घरात सांगतात. ते 1880 च्या आसपास इथे व्हिक्टोरियातच वारले. इन्व्हर्नेस शहराच्या नोंदी पालथ्या घातल्या, काही नाही. जहाजाची यादी मिळेल का म्हणून स्कॉटलंडला ईमेल केला तर तशी यादीच नसते असं उत्तर आलं. सासूबाई आता 78 च्या आहेत. कुठून सुरू करू?
— एक सून, मेलबर्न

उत्तर : तुमच्या सासूबाईंचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. हो, लिहिलेलं असणार, फक्त ते एका वहीत नाही, चार ठिकाणी तुकड्यातुकड्यांत आहे आणि त्यातला पहिला तुकडा स्कॉटलंडात नाहीच, तुमच्या मेलबर्नमध्येच आहे.

आधी ते इन्व्हर्नेसचं बघू कारण तिथेच तुमची गाडी अडलीय. मुंबईत कुणी गाव विचारलं की आपण रत्नागिरी सांगून मोकळे होतो आणि खरं गाव असतं राजापूरच्याही पुढे, बरोबर? तसंच हे. इन्व्हर्नेस हे शहर आहे आणि त्याच नावाची काउंटी, म्हणजे जिल्हाच म्हणा, होती, आणि त्या जिल्ह्यात तेव्हा स्काय, हॅरिस, नॉर्थ युइस्ट, साउथ युइस्ट, बॅरा अशी पश्चिमेची बेटंच्या बेटं मोडायची. परदेशात कुणी विचारलं तर माणूस ओळखीचं मोठं नाव सांगतो. मॅक्लाउड आडनाव, 1852-53 साल आणि इन्व्हर्नेस, हे तीन एकत्र आले की माझं लक्ष शहराकडे जातच नाही, स्काय आणि हॅरिसकडे जातं. तेव्हा शहराच्या नोंदी आता बाजूला ठेवा.

दुसरं, जहाजाच्या यादीबद्दल तुम्हाला मिळालेलं उत्तर खरं आहे. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्यांच्या याद्या सलग मिळतात त्या 1890 ते 1960 या काळाच्या, लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. त्याआधी कोण देश सोडून गेलं हे निघताना सलग असं कुणी नोंदवून ठेवलेलं नाही. नोंद झाली ती उतरताना, कारण सरकारी खर्चाने आलेल्या माणसाचे पैसे तिथल्या वसाहतीला मोजायचे होते. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते की सोडलेल्या देशात शोधू नका, जिथे माणूस वारला तिथून मागे या. आणि शोधायचं ते जहाज नाही, पॅरिश शोधायचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावांचा गट. ते एक नाव हातात आलं की पुढचं दार उघडतं, नाही आलं तर स्कॉटलंडमध्ये त्या नावाचे इतके लोक सापडतील की डोकं फिरेल.

तर पहिलं काम, व्हिक्टोरियाच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाच्या वेबसाइटवरून खापरपणजोबांच्या मृत्यूच्या नोंदीची इमेज विकत घ्या. व्हिक्टोरियात सरकारी नोंदणी 1 जुलै 1853 ला सुरू झाली आणि तिथल्या लोकांनी पहिल्यापासूनच असा काही फॉर्म केला की आमच्यासारख्या शोधणाऱ्यांनी त्यांचे पाय धरावेत. बापाचं नाव, आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट, कुठे जन्मला, वसाहतीत येऊन किती वर्षं झाली, लग्न कुठे झालं, कितव्या वर्षी, कुणाशी, आणि मग सगळ्या मुलांची नावं वयांसकट. एका आडव्या ओळीत अख्खं घर. 'इतकी वर्षं' या आकड्यावरून येण्याचं साल मागे मोजता येतं. पण माहिती कुणी दिली तेही बघा. मुलाने दिली असेल तर ठीक, जावयाने किंवा शेजाऱ्याने दिली असेल तर आईच्या नावापुढे 'माहीत नाही' असं असू शकतं. तसं निघालं तर थांबू नका, खापरपणजींची नोंद काढा, मग बरोबर आलेल्या मुलांच्या एकेक करून काढा, एकाच्या तरी नोंदीत जन्मस्थान म्हणून नुसतं 'स्कॉटलंड' न लिहिता बेटाचं किंवा पॅरिशचं नाव असतंच असा माझा अनुभव आहे. इथे आल्यावर झालेल्या मुलांच्या जन्मनोंदीतही आईबापांचं जन्मस्थान आणि लग्नाचं ठिकाण येतं. शिवाय ट्रोव्ह नावाच्या वेबसाइटवर जुनी ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रं फुकट आहेत, निधनवार्तेत 'मूळचे स्कायचे' अशी एक ओळ मिळाली तरी सोनं, आणि स्मशानातला दगड तर स्वतः जाऊन बघा, हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या आणि बेटांवरच्या लोकांना दगडावर गावाचं नाव कोरायची फार ओढ होती.

आता ती साथ आणि ती वेगळी उतरलेली बहीण. हे वाचल्यावर मी खुर्चीत सरळ बसले. 1846 पासून हायलँडमध्ये बटाट्यावर करपा पडला, बेटांवर तर बटाटा म्हणजेच जेवण होतं, वर्षानुवर्षं उपासमार चालली. त्यावर उपाय म्हणून 1852 ला हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटी निघाली आणि 1857 पर्यंत तिने जवळजवळ 5,000 लोक ऑस्ट्रेलियाला पाठवले. तिचे मुख्य सूत्रधार सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन, म्हणजे तेच जे पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. संस्थेच्या खर्चाचा तिसरा हिस्सा जमीनदाराने उचलायचा आणि निघालेल्या माणसाने पुढे कमावून पैसे फेडायचे अशी व्यवस्था. जमीनदाराला माणसं जमिनीवरून हलवायचीच होती, मेंढ्यांसाठी कुरणं हवी होती, तेव्हा ही मदत होती की गोड शब्दांत हकालपट्टी यावर लोक आजही तावातावाने बोलतात, आणि माझं मत विचाराल तर जी माणसं उपाशी होती त्यांना निवड अशी नव्हतीच. असो. तुमच्या कामाचं म्हणजे या संस्थेच्या याद्या टिकल्यात, नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे आहेत, आणि त्यांत जहाजाचं नाव, कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, वय, राहण्याचं ठिकाण असं सगळं आहे. म्हणजे जी यादी नसतेच असं तुम्हाला सांगितलं, ती तुमच्या बाबतीत असण्याची चांगलीच शक्यता आहे, फक्त ती बंदराची यादी नाही, संस्थेची आहे.

त्यातलं हर्क्युलिस नावाचं जहाज आधी बघा. 1852 च्या डिसेंबरात कॅम्पबेलटाउनहून सातशेहून जास्त माणसं घेऊन निघालं, स्काय, हॅरिस, नॉर्थ युइस्टची. वादळात सापडून परत फिरलं, मग जहाजावर देवी आणि टायफस पसरला, आयर्लंडमध्ये कॉर्कच्या बंदरात महिनोन्महिने अडकून पडलं. बऱ्याच जणांचा जीव गेला, आणि उरलेल्यांपैकी कित्येकांना वेगवेगळ्या जहाजांवर वाटून पुढे पाठवलं, एकाच घरातली माणसं वेगळ्या बंदरांत उतरली. हर्क्युलिस स्वतः 1853 च्या जुलैत अ‍ॅडलेडला पोचलं. तुमची मंडळी त्यावर होतीच असं मी म्हणत नाही, साथी इतर जहाजांवरही यायच्या, पण बहिणीला व्हिक्टोरियात शोधून ती सापडत नसेल तर साउथ ऑस्ट्रेलियात, म्हणजे अ‍ॅडलेडच्या बाजूला, शोधा. आणि व्हिक्टोरियाच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसकडे 1839 ते 1871 मधल्या सरकारी मदतीने आलेल्यांची सूची आहे, ऑनलाइन आहे, फुकट आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वयं जुळवा.

पॅरिश कळलं की मग स्कॉटलंड्स पीपल. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडचीच ती साइट आहे, सूचीत शोधणं फुकट, मूळ पानाची इमेज बघायला क्रेडिट्स विकत घ्यावी लागतात. पहिल्यांदा 1851 ची जनगणना काढा. ती 30 मार्च 1851 च्या रात्रीची आहे, म्हणजे तुमची मंडळी निघण्याच्या वर्ष-दोन वर्षं आधीची, सगळे अजून घरातच असणार, आणि या जनगणनेत जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं. 1841 चीही बघा पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका, त्यात पंधराच्या वरच्या लोकांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढून लिहिलीत आणि जन्म याच काउंटीतला का, एवढंच विचारलंय. स्कायवर सात पॅरिश होती, ब्रॅकडेल, ड्युरिनिश, किलमूर, पोर्ट्री, स्लीट, स्निझोर्ट आणि स्ट्राथ. सातांतलं एक सापडलं की तुमचा शोध बेटावरून एका कोपऱ्यात आला.

त्याच्या मागे जायचं तर चर्चची जुनी रजिस्टर्स, ओल्ड पॅरिश रजिस्टर्स म्हणतात त्यांना. स्कॉटलंडभरातलं सगळ्यात जुनं पर्थशायरमधल्या एरोल गावचं, 1553 चं, पण हायलँडमध्ये ती खूप उशिरा सुरू होतात आणि मधली वर्षं गायब असतात. 1783 ते 1794 मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, गरिबांनी नोंदवलंच नाही. आणि 1843 ला स्कॉटलंडचं चर्च फुटलं, फ्री चर्च वेगळं झालं, स्कायवर तर गावंच्या गावं तिकडे गेली, त्यामुळे 1843 नंतरचा बाप्तिस्मा जुन्या रजिस्टरात नसेल तर फ्री चर्चच्या वेगळ्या वह्यांत बघायचा. नोंद नाही म्हणजे मूल नव्हतं असं अजिबात समजू नका.

तिथे अडलात तर एक वाट आहे जी लोक विसरतात, आणि मला ती सगळ्यात आवडते. मागे राहिलेल्या भावाबहिणीला शोधा. स्कॉटलंडात सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1855 ला सुरू झाली आणि मृत्यूच्या नोंदीत बाप आणि आई दोघांची नावं, आईचं माहेरच्या आडनावासकट, येतात. म्हणजे खापरपणजोबा 1852 ला देश सोडून गेले तरी त्यांचा गावात राहिलेला भाऊ 1870 ला वारला असेल तर त्याच्या नोंदीत दोघांचेही आईबाप लिहिलेत. आणि चुकून कुणी 1855 सालीच जन्मलं, वारलं किंवा लग्न केलं असेल तर काय सांगू, त्या एका वर्षी इतके रकाने होते की रजिस्ट्रार लोक मेटाकुटीला आले आणि 1856 ला बरेचसे काढून टाकले. मी एडिंबराला जनरल रजिस्टर हाउसमध्ये बसून अशी एक 1855 ची जन्मनोंद बघितली होती. आईचं वय, जन्मगाव, लग्नाची तारीख, आधीची मुलं किती, त्यातली गेलेली किती. आणि खाली माहिती देणाऱ्याच्या सहीच्या जागी एक वेडीवाकडी फुली, दोन रेघा, एक अर्ध्यात थोडी थरथरलेली, शेजारी रजिस्ट्रारच्या वळणदार अक्षरात 'हिची खूण'. लिहिता येत नव्हतं त्या बाईला. तेव्हा मला आमच्या आजीचा रेशनकार्डावरचा अंगठा आठवला आणि मी तो दिवस पुढे काही काम करू शकले नाही.

बायकांच्या बाबतीत स्कॉटलंडच्या नोंदी खरंच माया लावतात. लग्न झालं तरी कागदोपत्री बाईचं माहेरचं आडनाव जात नाही, मृत्यूच्या सूचीत ती दोन्ही आडनावांखाली सापडते, दगडावरही बहुतेकदा माहेरचंच आडनाव. आपल्याकडे लग्नात आडनावच काय कधी कधी नावसुद्धा बदलून टाकायचे आणि मग पणजीच्या माहेरची वाट कायमची बुजून जायची, तसं इथे होत नाही. त्यामुळे मॅक्लाउडांच्या गर्दीत हरवलात तर बायकोच्या आडनावाचा हात धरून चाला. नवऱ्याचं आणि बायकोचं आडनाव जोडीने टाकून शोधलं की हजाराचे दहा होतात.

नावांचंही एक वळण आहे. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, तिसऱ्याला बापाचं स्वतःचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायचेच की. हा काही कायदा नाही, पण मुलांची नावं जन्माच्या क्रमाने मांडली की आजीआजोबांची नावं साधारण दिसायला लागतात. एक नाव दोन भावांना दिसलं तर गोंधळू नका, पहिला लहानपणीच गेला असेल आणि पुढच्याला तेच नाव दिलं असेल. आणि घरी ही माणसं गेलिक बोलत होती, रजिस्टर मात्र इंग्रजीत. घरात मोराग असलेली बाई कागदावर मॅरियन किंवा सारा होते, एखन्न चा हेक्टर होतो, शेमस चा जेम्स. मॅक सुद्धा तीन-चार तऱ्हांनी लिहितात, तेव्हा सगळ्या तऱ्हा करून बघा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. आमच्या शेजारच्या एका आजींसाठी मी असाच शोध घेतला होता, नाव जुळलं, पॅरिश जुळलं, वयात एका वर्षाचा फरक, मी खूश होऊन चार महिने त्या घराच्या मागे गेले, मागच्या तीन पिढ्या काढल्या, आजींना तक्ता करून दिला. मग एका मृत्यूच्या नोंदीवरून कळलं की मी ज्या मुलाला धरलं तो आठव्या वर्षीच गेला होता. आजींच्या हातातून तो कागद परत मागताना मला जे वाटलं ते तुम्हाला वाटू नये. म्हणून सापडलेला माणूस गावातच मोठा होऊन म्हातारा झाला नाही ना, लहानपणी वारला नाही ना, हे आधी तपासा आणि मगच सासूबाईंना सांगा. नेटवर लोकांनी टाकलेल्या तयार वंशावळी तर नुसत्या खुणेसाठी वापरा, एकाची चूक दुसरा उतरवतो आणि शंभर ठिकाणी तेच दिसतं म्हणून खरं वाटायला लागतं. डीएनए टेस्ट करायची तर सासूबाईंचीच करा, तुमच्या नवऱ्याची नको, त्या एक पिढी जवळ आहेत. पण बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लग्नं झालीत, त्यामुळे नातं असतं त्यापेक्षा जवळचं दिसतं, हे लक्षात ठेवून वाचा.

खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद मिळाली की मला त्यातली जन्मस्थानाची ओळ जशीच्या तशी पाठवा, अक्षर लागत नसेल तर फोटोच पाठवा.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरलंय, जावई कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचे, त्यांचे पूर्वज 'हेक्टर' जहाजाने आलेले असं त्यांच्याकडे सांगतात. लग्नात ते किल्ट घालणार आहेत. आम्हाला त्यांच्या कुळाचा टार्टन, म्हणजे ते चौकटीचं कापड, आणि कुळाचं चिन्ह असलेली भेट द्यायचीय. खरं कसं ओळखायचं?
— मुलीची आई, पुणे

उत्तर : अभिनंदन! हेक्टर 1773 ला लॉख ब्रूमहून निघून नोव्हा स्कोशियात पिक्टूला पोचलं, वाटेत देवी आणि हगवणीने बरीच लहान मुलं गेली, तिकडे त्या जहाजाला फार मान आहे. त्यामुळे ज्याला त्याला आपले पूर्वज त्याच जहाजावर हवे असतात, पण माणसं दोनशेच्या आतच होती, तेव्हा पिक्टू भागातल्या जमिनीच्या आणि चर्चच्या नोंदींनी ते पक्कं होतंय का हे जावईबापूंनाच प्रेमाने विचारा.

टार्टनचं म्हणाल तर एका आडनावाला एक ठरलेला टार्टन ही पद्धत बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. हेक्टर निघालं तेव्हा तर पुरुषांना हायलँडचा पोशाख घालायलाच कायद्याने बंदी होती, ती 1782 ला उठली. आणि आडनाव कुळाचं आहे म्हणजे कुळप्रमुखाशी रक्ताचं नातं आहे असंही नाही, जमीन कसणारे लोकही ते आडनाव लावायचे. तरी टार्टन जरूर द्या, त्यात खोटं काही नाही, स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स सरकारी आहे, तिथे नमुना बघून घ्या आणि त्यांच्या घरात आधीपासून कुठला वापरतात ते विचारून तोच घ्या. दुकानात 'तुमच्या आडनावाचं कोट ऑफ आर्म्स' म्हणून जी ढाल विकतात ती मात्र घेऊ नका. स्कॉटलंडच्या कायद्यात ढाल-चिन्ह आडनावाचं नसतं, एका माणसाचं असतं, लॉर्ड लायन नावाचा अधिकारी ते देतो.

प्रश्न : आमच्या आजोबांचे आजोबा स्कॉटिश होते, मुंबईत रेल्वेत नोकरीला आले आणि इथेच लग्न करून राहिले. साल 1890 नंतरचं असावं. ट्रंकेत एक लग्नाचा जीर्ण कागद आहे, चर्चचा, घड्यांवर फाटलेला. त्यावरून स्कॉटलंडचं गाव मिळेल का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : तुमचं काम मेलबर्नच्या ताईंपेक्षा सोपं असू शकतं. 1890 नंतर आले असतील तर निघतानाच्या त्या क्यूच्या याद्यांत नाव असू शकतं, हिंदुस्थानला जाणारी जहाजंही त्यांत आहेत. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या साइटवर पुष्कळ सूची फुकट शोधता येतात. तुमच्या कागदावर नवऱ्यामुलाच्या बापाचं नाव असेल. बापाचं नाव, त्याचं स्वतःचं नाव आणि लग्नातलं वय एवढ्यावर 1855 नंतरची स्कॉटलंडची जन्मनोंद शोधता येते, त्यात आईचं माहेरचं आडनाव आणि गाव मिळेल. चर्च कुठलं ते मात्र नीट वाचा. स्कॉटिश माणूस म्हणून फोर्टातल्या सेंट अँड्र्यूजमध्येच लग्न झालं असेल असं नाही, बायको कॅथलिक असेल तर वही तिच्या चर्चची.

आणि तो कागद घड्या उलगडून लगेच सपाट करायला जाऊ नका, लॅमिनेट तर मुळीच नको, सेलोटेपही नको. आहे तसा टेबलावर ठेवून खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची बाजूही, कारण मागे पेन्सिलीने कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं.